सासू-सुनेच्या विहिरीला आम्ही दोघी

मैत्रिणींनो, आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात असा एखादा विषय आहे का, की जो निघाला की सासूचं तोंड पूर्वेला आणि सुनेचं पश्चिमेला? आमच्या जऊळक्याच्या घरात तो विषय होता परसातली विहीर.

विहीर जुनी, दगडी बांधणीची. माझे लग्न होऊन मी आले तेव्हा तिला होळीपर्यंत पाणी असायचे. मग आजूबाजूला बोअर झाले, एकापेक्षा एक खोल गेले, आणि विहीर दिवाळीलाच तळ दाखवू लागली. शेवटी तिचा उपयोग एकच उरला. पोरांचा चेंडू आत पडायचा आणि मी ओरडायची. माझे म्हणणे होते की विहीर बुजवून टाकावी, वर फरशी घालावी आणि धुण्याभांड्यांची ऐसपैस जागा करावी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाईंचे म्हणणे एका वाक्यात संपायचे. "पाणी गेलं म्हणून का विहीर बुजवतेत व माय?"

मुरूम टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलणेसुद्धा झाले होते. त्याच आठवड्यात धाकटी भूगोलाचे पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. चुनखडीच्या गुहांचा धडा होता. "आई, आपल्याकडे आहे का गं अशी गुहा? आणि असं डोंगरातून पाणी येतं का?" मी म्हणाले, आपल्याकडे कुठलं आलंय! आत्याबाई कोपऱ्यात तूर निवडत होत्या. सुपातून नजर न उचलता म्हणाल्या, "लोणारले येते. मी लहानपणी पाह्यलं हाय. मले एकदा लोणार दाखव, मंग बुजव तुले काय बुजवाचं थे."

असा सौदा ठरला. तो प्रवास आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते तुम्हाला सांगायचे आहे.

आधी तो चुनखडीचा धडा

मुलीला समजावून द्यायचे म्हणून मी धडा नीट वाचला, आणि खरं सांगते, मला स्वतःलाच गोडी लागली. तुम्हालाही लागेल, कारण सगळी गंमत आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड वायू सोबत घेते आणि किंचित आंबट होते. सोड्याच्या बाटलीत असतो तोच हा वायू, फक्त इथे अगदी थोडा. हे पाणी चुनखडीच्या दगडावरून गेले की दगड हळूहळू विरघळतो. हजारो वर्षांत भेगेची फट होते, फटीचे भुयार आणि भुयाराची गुहा. मग त्या गुहेच्या छतातून तेच चुन्याचे पाणी थेंबथेंब ठिबकते. थेंबातला वायू हवेत उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन चिकटतो. वरून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ आणि खालून उगवतो तो ऊर्ध्वमुखी. वाढ अतिशय मंद. एखादा सेंटिमीटर वाढायला साधारण एक माणसाचे आयुष्य जाते म्हणा ना.

आता आपल्या चहाच्या पातेल्यात डोकवा. बोअरचे पाणी रोज उकळले की बुडाशी पांढरा खरपुडा धरतो. तोच चुना! जुन्या गच्चीचा स्लॅब पाझरत असेल तर खालच्या बाजूला पांढऱ्या काड्या लोंबताना दिसतात. त्याही लवणस्तंभाच्या चुलत बहिणीच.

अशा गुहा प्रत्यक्ष पाहायच्या तर आपल्याला बरेच लांब जावे लागते. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात कुटुमसरची गुहा आहे. आत इतका काळोख की तिथल्या पाण्यातले छोटे मासे दृष्टी गमावून बसले आहेत. पावसाळ्यात ती बंद असते. आंध्रात अरकूच्या वाटेवर बोर्रा गुहा आहेत, मेघालयात चेरापुंजीजवळ मावस्माईची. मेघालयातच क्रेम लियात प्राह नावाची गुहा तीस किलोमीटरपेक्षा लांब मोजली गेली आहे. परदेशात क्रोएशिया देशातल्या प्लिटव्हिसे इथे तर चुन्याच्या थरांनी आपोआप बांध घातले आणि एकाखाली एक अशी १६ तळी तयार झाली. १९७९ साली ती जागतिक वारसा यादीत गेली.

आपल्या विदर्भात चुनखडी नाही असे मात्र नाही हं. वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या जुन्या. चंद्रपूरकडे राजुरा, कोरपना, गडचांदूर या भागात सिमेंटचे कारखाने आहेत ते या दगडाच्याच जोरावर. आणि आपल्या काळ्या रानात नांगराच्या फाळाला जे पांढरे खडे लागतात, तीही चुनखडीच. पण डोंगरच्या डोंगर चुनखडीचा, तो आपल्या वाशिम जिल्ह्यात नाही.

आपला दगड काळा

आपल्या पायाखाली आहे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, त्याचा हा दगड. तो पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे पाण्याने केलेल्या गुहा नाहीत. आपल्या गुहा माणसांनी छिन्नीने कोरल्या. अकोला-वाशिम रस्त्यावर पातूरची लेणी लागतात, ती जाता-येता पाहता येतात. आणि अजिंठ्याची १६ क्रमांकाची लेणी कोणी कोरवली माहीत आहे का? वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने, पाचव्या शतकात. या राजांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम! मुलींना हे जरूर सांगा.

मग या काळ्या दगडात पाणी राहते कुठे? दगडाच्या भेगांत, आणि दोन थरांच्या मधल्या भुसभुशीत मुरमाड पट्ट्यात. खाली घट्ट थर लागला की पाणी आडवे सरकते. सरकता सरकता कुठे उताराची कड आली की तिथून बाहेर पडते. तो झरा. कड आली नाही आणि आपण खणून त्या पट्ट्यापर्यंत पोचलो, तर ती विहीर. म्हणजे झरा आणि विहीर या सख्ख्या बहिणी. एक आपणहून दारात येते, दुसरीला बोलवायला जावे लागते, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट नकाशावर बोट ठेवून पाहा. आपले वाशिमचे पठार उंचावर आहे. इथला काही पाऊस काटेपूर्णा नदीतून पूर्णेला, तापीला आणि अरबी समुद्राला जातो. काही पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला. दोन्हीकडे आपण पाणी देतो. बाहेरून मोठी नदी आपल्याकडे पाणी घेऊन येत नाही. जे काय आहे ते आपल्या डोक्यावर पडते तेवढेच. जुन्या लोकांना हे कळत असावे. वत्सगुल्म माहात्म्यात या क्षेत्रातली १०८ तीर्थे सांगितली आहेत, आणि वाशिमचे पद्मतीर्थ तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलेच असेल. तीर्थ म्हणजे काय हो? जपलेले पाणीच ना?

निघण्याची तयारी

जऊळक्याहून लोणारला थेट रेल्वे नाही. अकोला-पूर्णा लाईन २००८ साली मोठी झाली, पण ती लोणारला जात नाही. आम्ही मालेगाववरून रिसोडमार्गे गेलो. मेहकरकडूनही जाता येते. तुम्ही कुठूनही गेलात तरी सकाळी लवकर पोचा, कारण विवरात उतरायचे तर उन्हाच्या आधी. पावसाळा संपल्यापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. वैशाखात चुकूनही जाऊ नका.

बरोबर काय घ्याल? माणशी दोन लिटर पिण्याचे पाणी, वाटेत पिण्याजोगे मिळेल या भरवशावर राहू नका. पायात पट्ट्याची वहाण किंवा कॅनव्हासचे बूट. सपाता मुळीच नकोत. साडी नेसणार असाल तर सुती आणि घोट्याच्या वर. आत्याबाई नऊवारीत होत्या आणि आमच्या सगळ्यांत त्यांचेच चालणे मोकळे होते! खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली. दही नेले नाही, प्रवासात ते आंबते. खाणे हातात धरून फिरू नका, माकडे हिसकावतात. एक काठी, एक पंचा आणि एका पुडीत चमचाभर हळद. हळद कशाला ते पुढे सांगते.

धार

लोणारला गावाच्या कडेलाच विवराचा काठ आहे. काठावर उभे राहिलात की पहिल्यांदा बोलणेच बंद होते. जवळजवळ वाटोळा, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा प्रचंड वाडगा, आणि तळाशी हिरवट पाण्याचे तळे. काठापासून तळ सुमारे १३७ मीटर खाली. पंचेचाळीस मजली इमारत उलटी पुरली आहे असे समजा.

काठावरच धार आहे. गोमुखातून पाणी पडते आणि कुंडात साठते. वर कुठे नदी नाही, टाकी नाही, पंप नाही. पठारावर पडलेला पाऊस दगडाच्या थरांतून सरकत येतो आणि विवराची कड लागली की बाहेर पडतो, मघाशी सांगितले तसे. उन्हाळ्यातही ही धार वाहते. विवराच्या परिसरात रामगया, सीतान्हाणी असे आणखीही झरे आहेत.

आत्याबाईंनी हात धुतले, डोळ्यांना पाणी लावले आणि बराच वेळ धारेखाली तळहात धरून उभ्या राहिल्या. लहानपणी नवरात्रात बैलगाडीने त्या इथे आल्या होत्या, कमळजादेवीच्या यात्रेला. रिसोडजवळ त्यांचे माहेर. "तवा आमी दोन मुक्काम केले होते," एवढेच बोलल्या. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे पानी कोनाच्या वावरात पडलं असन, कोनाले माहीत! अन् निंगालं इथी."

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यावर मी थबकले. आमच्या विहिरीचे पाणी कुठे गेले, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आटली, एवढे माहीत. पण ती भरत कुठून होती?

उल्का पडली त्याची गोष्ट

खाली उतरण्याआधी हे विवर कसे झाले ते थोडक्यात. लोककथा सांगते की लवणासुर नावाचा राक्षस इथे राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर चालुक्यकालीन आहे, तारकाकृती पायाचे, बाहेरून सगळे कोरीव. ते पाहायला तासभर राखून ठेवा. लिंबी बारवही पाहा.

शास्त्रज्ञांचे सांगणे असे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे बरीच वर्षे हे ज्वालामुखीचे तोंड समजत. पण तळाखालच्या दगडांत काचेसारखे झालेले स्फटिक सापडले. ते प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाहीत, चंद्रावरच्या दगडांतही तसे सापडतात. १९७३ साली हे प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताची गोष्ट पक्की झाली. वयाबद्दल मात्र दोन हिशेब आहेत. एका मोजणीने सुमारे ५२,००० वर्षे, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने सुमारे ५,७०,००० वर्षे. बायकांचे वय चोरण्यावरून विनोद करणाऱ्यांनी इकडेही लक्ष द्यावे!

१९७९ साली हे राष्ट्रीय भू-वारसा स्मारक झाले, २००० साली अभयारण्य, आणि २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत लोणारचे नाव लागले.

हळदीची पुडी

उतरायला सावकाश चाललात तर अर्धा-पाऊण तास. वाट झाडीतली, दगड सैल. आत्याबाईंच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा दंड. किती वर्षांनी आम्ही दोघी इतक्या जवळून चाललो असू, देव जाणे. घरात आम्ही एकाच ओट्याशी असतो, पण पाठीला पाठ लावून.

तळ्याच्या काठाला एक उग्र वास येतो, त्याला घाबरू नका. आता ती हळद काढा. ओल्या पंचावर चिमूटभर चोळा आणि त्यावर तळ्याचे पाणी शिंपडा. पिवळी हळद बघता बघता लालसर होते! आमची धाकटी टाळ्या पिटायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, "हे तं कुंकवाचं पानी झालं." अगदी बरोबर. हळदीला चुना किंवा खार लागला की ती लाल होते, कुंकू त्यावरच करत. हळदीच्या डागावर साबण घासला की डाग लाल होतो, तेही याच कारणाने. हे पाणी सोड्याचे आहे, खारट आणि तुरट.

तुम्ही म्हणाल, धारेचे गोड पाणी रोज उतरते तरी तळे खारट कसे? कारण तळ्याला बाहेर जायला वाटच नाही. पाणी येते ते उन्हाने उडून जाते आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात. पातेल्यातला पांढरा थर आठवा. हजारो वर्षे एकच पातेले न घासता चुलीवर आहे, असे समजा. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की लोक हे क्षार काढून विकत. त्यांच्या प्रतीला नावे होती: दल्ला, निमक, खप्पल, पापडी, भुसकी. साबणाला, काचेच्या कामाला ते जात.

जून २०२० मध्ये हे तळे गुलाबी झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघाले की पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव गुलाबी रंग धरून आले. पाऊस पडला, रंग गेला. पण सांडपाणी, साबण आणि निर्माल्य यांचा त्रास या तळ्याला अनेक वर्षे झालेला आहे. म्हणून एक विनंती. धारेवर किंवा झऱ्यावर साबण लावू नका, आणि ओटीचे सामान पाण्यात सोडू नका. देवीपुढे ठेवा, नाहीतर परत आणा.

आणि ती विहीर

आता आत्याबाई ज्यासाठी आल्या होत्या ते. कमळजादेवीच्या मंदिरासमोर, तळ्याच्या काठाशी सासू-सुनेची विहीर आहे. एका विहिरीत दोन चवींचे पाणी. एका बाजूने झऱ्याचे गोड पाणी येते आणि दुसऱ्या बाजूने तळ्याचे खारट. म्हणून हे नाव. गोड बाजू सासूची की सुनेची, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घराप्रमाणे द्यावे!

देवीचे दर्शन घेतले आणि आम्ही विहीर शोधू लागलो. दिसेना. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाण्याकडे बोट दाखवले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, तळे वर चढले होते आणि विहीर पाण्याखाली गेली होती. पाणी उतरले की दिसेल, म्हणाले.

मला फार वाईट वाटले. एवढ्या लांब, एवढ्या उतारावरून त्यांना आणले आणि नेमकी तीच गोष्ट दिसू नये! आत्याबाई पाण्याकडे पाहत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "पाह्य व! सासूबी बुडाली अन् सूनबी बुडाली. आता भांडाले जागाच नाही राह्यली." मला हसू आवरेना. धाकटीला काही कळले नाही, पण आम्ही हसतोय म्हणून तीही हसली.

वर चढायला आम्हाला दीड तास लागला. चार ठिकाणी बसलो. त्यातल्या एका ठिकाणी मीच विषय काढला. म्हटले, "आत्याबाई, आपल्या विहिरीला पाणी यायचं ते कोणत्या बाजूनं?" त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि सांगितले. उत्तरेच्या बाजूला दोन पुरुष खाली झरा होता. वरच्या अंगाला मोकळी पडीक जागा होती, पाऊस तिथे मुरायचा. आता तिथे घरे झाली, सिमेंटचा रस्ता झाला. पाणी मुरायला जागा नाही, आणि जे मुरते ते बोअर ओढून घेतात. हे सगळे त्यांना ठाऊक होते. मी इतकी वर्षे विचारलेच नव्हते, आणि "पाणी गेलं म्हणून का बुजवतेत" याच्या पलीकडे त्यांनीही सांगितले नव्हते.

मग आम्ही काय केले

ट्रॅक्टर आला नाही. त्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढला आणि छपराचे पाणी विहिरीत सोडले. तुमच्याकडे अशी पडून राहिलेली विहीर असेल तर हिशेब लक्षात ठेवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरचे छप्पर आणि वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर ३५,००० लिटर. वाहून, उडून जाणारे सोडले तरी अठ्ठावीस हजार कुठे गेले नाहीत. पंधरा लिटरची घागर धरा, अठराशेवर घागरी होतात! एवढे पाणी आपण दरवर्षी नालीत सोडतो.

करायचे ते असे:

छपराच्या पन्हळीला पाईप जोडा. पाण्याच्या वाटेत एक खड्डा किंवा जुना ड्रम ठेवा. त्यात तळाशी मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू आणि तोंडाला जाळी. पाणी त्यातून गाळून विहिरीत जाऊ द्या.

पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडा. त्यांत छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण असते.

अंगणातले, गोठ्यातले पाणी विहिरीत मुळीच जाऊ देऊ नका. संडासाचा खड्डा जवळ असेल तर त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरू नका.

दरवर्षी मृगाआधी छप्पर झाडा, वाळू धुऊन घ्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. जुन्या विहिरीत कोणाला एकदम उतरवू नका. आत विषारी वायू साठलेला असतो आणि त्याने माणसे दगावतात. कंदील सोडून पाहतात, तो विझला तर उतरूच नये. पण जळत राहिला म्हणून धोका नाही असेही समजू नये. जाणकार माणूस, कमरेला दोर आणि वर दोघे जण, याशिवाय काम सुरू करू नका. विहिरीला लोखंडी जाळी बसवा. चेंडूचा प्रश्नही मिटतो.

पहिल्या वर्षी विशेष फरक पडला नाही. पौषात पाणी गेले. मी काही बोलले नाही, आणि आत्याबाईही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन घरांनी आपापल्या छपराचे पाणी आमच्या विहिरीकडे वळवले. त्या वर्षी धुण्याभांड्यांपुरते पाणी होळी ओलांडून गेले. पिण्यासाठी आम्ही ते वापरत नाही. पण नळाची वाट पाहत बादल्या मांडून बसणे अर्ध्यावर आले, आणि धुण्याची फरशीही झाली बरं का, विहिरीच्या शेजारी!

जाता जाता, जड पाण्यासाठी

बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही अशी तक्रार घरोघरी असते. पाणी आधी उकळून निवू द्या, तळाला चुना बसला की वरचे निवळ पाणी डाळीला घ्या. पातेल्यातला खरपुडा काढायला त्यात पाणी आणि लिंबाच्या पिळलेल्या साली घालून उकळा आणि रात्रभर ठेवा, सकाळी घासणीने निघतो. कुकर आतून काळा पडू नये म्हणून तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचे बुटूक टाका. कपड्यांना साबणाचा फेस येत नसेल तर साबण वाढवण्याआधी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात एकदा धुऊन पाहा, फरक हाताला कळेल.

लोणारला पुन्हा जायचे आमचे ठरले आहे, या वेळी पाणी उतरल्यावर. आत्याबाईंचे गुडघे आता कुरकुरतात, पण त्या ऐकत नाहीत. तुम्ही आमच्या आधी गेलात आणि विहीर उघडी दिसली, तर दोन्ही बाजूंचे पाणी बोटाने जिभेला लावून बघा. गोड बाजू कोणाची ते मात्र आम्हाला सांगू नका. तेवढे भांडण आम्ही दोघींनी जपून ठेवले आहे.